मार्शल अ‍ॅम्प्लिफायर : कीर्ती आणि तिचा कस

मार्शल ही गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी इंग्रज कंपनी. तिचा पहिला अ‍ॅम्प १९६२ साली पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागातल्या एका वाद्यांच्या दुकानातून बाहेर पडला. पुढच्या दहा वर्षांत रॉक संगीताच्या मंचावर काळ्या पेट्यांची भिंत आणि त्या पेट्यांवरचे पांढऱ्या वळणदार अक्षरांतले हे नाव इतके रुळले की त्यांच्याशिवाय तो मंच ओकाबोका वाटू लागला. आपल्याकडे आज बहुतेकांना हे नाव हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकरवरून माहीत असते. गिटारवादकांत मात्र त्यावर जुना वाद आहे. रॉकचा आवाज म्हणजेच मार्शल, असे काही जण मानतात. इतरांच्या मते दुसऱ्याचे सर्किट उचलून, कान बधिर करणारे यंत्र नावावर विकले गेले. दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत. ते एकेक करून पाहिले की असे दिसते की कीर्ती खरी आहे, पण ती एका विशिष्ट रचनेने साधारण वीस वर्षांत कमावलेली आहे, आणि पुढे त्या नावाने जे जे विकले गेले त्या सगळ्याला ती आपोआप लागू होत नाही.

गिटारच्या अ‍ॅम्पचे काम काय, हे आधी समजून घ्यायला हवे. गणपतीच्या मांडवात किंवा जाहीर सभेत लावलेल्या अहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून एकच अपेक्षा असते : माइकमध्ये जे शिरले तेच मोठे होऊन भोंग्यातून बाहेर पडावे. तिथे आवाज फाटला तर तो दोष. इलेक्ट्रिक गिटारचे गणित उलटे आहे. तिच्या पिकअपमधून निघणारा विद्युत संदेश अगदी क्षीण असतो आणि तो जसाच्या तसा मोठा केला तर कोरडा, सपाट ऐकू येतो. त्याला अंग येते ते अ‍ॅम्प आणि स्पीकरमधून. म्हणून गिटारचा अ‍ॅम्प हा वाद्याचाच अर्धा भाग असतो, आणि तिथे आवाज फाटणे हा गुण ठरू शकतो. मात्र तो नीट फाटला पाहिजे.

नीट फाटणे म्हणजे काय? संदेश मोठा करणाऱ्या व्हॉल्व्हला, म्हणजे काचेच्या निर्वात नळीला, पेलेल त्यापेक्षा मोठा संदेश दिला की लहरीची टोके कापली जातात. साधे ट्रान्झिस्टर सर्किट ती टोके एकदम, धारदार कापते. व्हॉल्व्ह आणि त्यामागचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ती हळूहळू, गोलाईने दाबत नेतात. टोके कापली गेली की मूळ स्वरात नसलेले हार्मोनिक्स निर्माण होतात. तंबोऱ्याची घोडी घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावली की एकाच तारेतून स्वयंभू स्वर उमलू लागतात. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये गिटारच्या स्वराचे साधारण तसेच होते, फक्त इथे ते काम विजेकडून होते. शिवाय मोठा आघात दबला जातो आणि विरत चाललेला स्वर तुलनेने वर राहतो, त्यामुळे स्वर लांबतो आणि गिटार गायल्यासारखी वाटते. हे सगळे वादकाच्या बोटांच्या जोरावर बदलत राहते, ही खरी महत्त्वाची गोष्ट. हलके छेडले तर स्वच्छ, जोरात छेडले तर फाटलेला, आणि गिटारवरचाच व्हॉल्यूम जरा उतरवला की पुन्हा स्वच्छ. चांगल्या अ‍ॅम्पची पारख इथे होते.

जिम मार्शल यांचा जन्म २९ जुलै १९२३ चा, लंडनचा. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे त्यांची अनेक वर्षे प्लास्टरमध्ये गेली आणि शाळा जवळजवळ बुडाली. मोठेपणी ते नृत्याच्या बँडमध्ये गात आणि ड्रम वाजवत, पुढे ड्रम शिकवू लागले. जिमी हेंड्रिक्सच्या बँडचा ड्रमवादक मिच मिचेल हा त्यांचाच विद्यार्थी. शिकवणीतून साठवलेल्या पैशांवर त्यांनी १९६० मध्ये हॅनवेलच्या अक्सब्रिज रोडवर ड्रमचे दुकान टाकले. ड्रमवादकांमागोमाग त्यांच्या बँडमधले गिटारवादकही येऊ लागले. पीट टाऊनशेंड, रिची ब्लॅकमोर, बिग जिम सुलिवन ही त्यांतली पुढे गाजलेली नावे. या तरुणांची तक्रार एकच होती. बाजारातले अ‍ॅम्प त्यांना हवा तो आवाज देत नव्हते, आणि ज्यांच्यात थोडीफार आशा होती ते अमेरिकन फेंडर फार महाग होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे ब्रिटनने अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर घातलेले निर्बंध १९५९ मध्ये उठले होते, तरी जहाजभाडे आणि कर जोडून किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरच राहत होती.

जिम मार्शल यांनी सर्किट स्वतः रचले नाही. दुकानात दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन हा कोवळा तरुण यांनी सर्किट उभे केले. त्यासाठी समोर ठेवलेला नमुना होता फेंडरचा बासमॅन, आणि हा अ‍ॅम्प खरे तर बास गिटारसाठी बनवलेला. सर्किटचा आराखडा बहुतांशी तोच घेतला गेला, ही गोष्ट वादातीत आहे. मार्शल यांच्या आठवणीनुसार पाच नमुने नापसंत ठरले आणि सहाव्यात हवा तो आवाज सापडला. जिम आणि त्यांचा मुलगा टेरी यांच्या नावांवरून त्याला जेटीएम४५ हे नाव मिळाले.

मार्शलवरचा नकलेचा आरोप इथेच तपासला पाहिजे, कारण आराखडा एक असूनही दोन्ही अ‍ॅम्प वेगळे वाजतात. फरक सुट्या भागांत आहे. बासमॅनच्या पहिल्या टप्प्यावर १२एवाय७ हा कमी वर्धन करणारा व्हॉल्व्ह होता. मार्शलने तिथे ईसीसी८३ बसवला आणि त्याचे वर्धन दुपटीहून जास्त. म्हणजे पुढच्या टप्प्यांवर संदेश आधीच मोठा होऊन पोचतो आणि आवाज लवकर फाटू लागतो. शक्ती देणारे अमेरिकन व्हॉल्व्ह ब्रिटनमध्ये सहज आणि स्वस्त मिळत नव्हते, म्हणून थोड्याच काळात ब्रिटिश बनावटीचे केटी६६ आले. ट्रान्सफॉर्मर स्थानिक दुकानांतून घेतलेले होते. सगळ्यात मोठा फरक पेटीचा. बासमॅनमध्ये मागून उघड्या पेटीत जेन्सनचे दहा इंची चार स्पीकर होते. मार्शलने सेलेस्टियन या इंग्रज कंपनीचे बारा इंची स्पीकर घेतले. त्या वेळचा असा एक स्पीकर जेमतेम १५ वॅट सोसायचा. दोन लावले तर जळून जायचे, म्हणून चार लावले, आणि पेटी मागून बंद केली. बंद पेटीतून खर्जाचा आघात छातीवर बसतो आणि आवाज मागे न पसरता एका झोतात पुढे जातो. पाच किलोहर्ट्झच्या पुढचे स्वर हे स्पीकर फारसे देतच नाहीत, त्यामुळे फाटलेल्या आवाजातली बोचरी खरखर गाळली जाते आणि मधला भाग उरतो. निवड पुष्कळशी उपलब्धतेची होती, हे मान्य केले तरी ऐकून ठरवणारे कान दुकानात रोज येणाऱ्या वादकांचे होते. मार्शल यांचे कर्तृत्व शोधक म्हणून फार नाही. वादक काय मागतो आहे ते ऐकून घेऊन त्याप्रमाणे यंत्र बदलत राहणे, ही त्या काळच्या इतर उत्पादकांत क्वचित दिसणारी गोष्ट त्यांनी केली.

त्या मागणीचे पुढचे पाऊल १९६५ मध्ये पडले. द हू या बँडचे टाऊनशेंड आणि बासवादक जॉन एन्टविसल यांना आणखी मोठा आवाज हवा होता. तेव्हा सभागृहांतली ध्वनिव्यवस्था केवळ गाणाऱ्यांपुरती आणि अगदी तोकडी असे. गिटारचा अ‍ॅम्प माइकवर घेण्याची सोय नसे, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत जायचे ते अ‍ॅम्पच्याच बळावर. त्यांच्यासाठी १०० वॅटचा अ‍ॅम्प तयार झाला. टाऊनशेंडने आठ स्पीकरची एकच पेटी मागितली आणि ती मिळालीही, पण सामान वाहणाऱ्या माणसांचे हाल झाले. मग तीच पेटी दोन तुकड्यांत करून एकावर एक रचण्याची पद्धत आली. वरची पेटी पुढून तिरकी, खालची सरळ, आणि माथ्यावर अ‍ॅम्प. हाच तो ‘स्टॅक’.

ऐकणाऱ्यांपर्यंत मार्शलचा आवाज पोचवला तो प्रामुख्याने दोघांनी. जॉन मेऑल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये असताना एरिक क्लॅप्टन यांनी अ‍ॅम्प आणि दोन स्पीकर एकाच पेटीत असलेले मार्शलचे मॉडेल वापरले. १९६६ च्या वसंतात लंडनच्या डेका स्टुडिओत बँडचा अल्बम ध्वनिमुद्रित होताना क्लॅप्टन यांनी मैफलीत वाजवतात तितक्याच मोठ्या आवाजात वाजवण्याचा आग्रह धरला. गिब्सन लेस पॉल गिटारच्या दणकट पिकअपनी तो अ‍ॅम्प तुडुंब भरला आणि जाड, लांबणारा, गाता आवाज टेपवर उतरला. त्याआधी गिटारचा आवाज फाटणे ही बहुतेकदा अपघाताने किंवा गंमत म्हणून घडणारी गोष्ट होती. जुलै १९६६ मध्ये हा अल्बम निघाल्यावर तो जाणूनबुजून साधायचा आवाज झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिमी हेंड्रिक्स लंडनला आला. मिच मिचेलने त्याची आणि जिम मार्शल यांची गाठ घालून दिली. हेंड्रिक्सने फुकट काही मागितले नाही. पूर्ण किंमत देईन, पण जगात कुठेही असलो तरी अ‍ॅम्पची देखभाल झाली पाहिजे, एवढीच त्याची अट होती. १०० वॅटच्या स्टॅकसमोर उभे राहून त्याने फीडबॅकलाही सुरात आणले. स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या तारांना पुन्हा हलवतो आणि स्वर संपतच नाही; हे घडायला तारा हलवण्याइतकी हवा हलवणारा स्पीकर लागतो. म्हणजे इथे मोठा आवाज ही हौस नव्हती, वादनतंत्राचाच भाग होता.

१९६६-६७ च्या सुमारास केटी६६ च्या जागी ईएल३४ हे व्हॉल्व्ह आले आणि पुरवठ्याच्या रेक्टिफायर व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉन डायोड. केटी६६ चा आवाज गोल, भरदार. ईएल३४ चा मध्यम पट्टीत टोकदार, थोडा खवखवीत. डायोडमुळे आघात आणखी घट्ट झाला. पुढच्या पट्टीला सोनेरी रंगाचे प्लेक्सिग्लास असल्यामुळे या पिढीला ‘प्लेक्सी’ म्हणतात. तिचे सर्वांत नावाजलेले १०० वॅटचे मॉडेल म्हणजे १९५९ सुपर लीड. हा आकडा सालाचा नसून यादीतला क्रमांक आहे, आणि तो वाचून अनेक जण फसतात. मार्शलची ओळख झालेला आवाज तो हाच. बँडमध्ये खालची जागा बास गिटार आणि मोठ्या ड्रमची, वरची झांजांची. मध्ये जी पट्टी मोकळी राहते तिथेच मार्शलचा जोर आहे. घरात एकटे वाजवताना फेंडरचा गोडवा अधिक भावेल, पण ड्रम सुरू झाल्यावर तो दबतो आणि मार्शल तसाच ऐकू येत राहतो. ज्यांनी हा अ‍ॅम्प फक्त खोलीत ऐकला आहे त्यांना त्याची कीर्ती अवाजवी वाटते, याचे कारण बहुधा हेच.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात गंभीर आक्षेप आवाजाच्या पातळीचा. प्लेक्सीला एकूण पातळी वेगळी ठरवणारा मास्टर व्हॉल्यूम नव्हता. आवाज फाटायला शक्ती देणारे व्हॉल्व्ह पूर्ण भरावे लागत, म्हणजे अ‍ॅम्प जवळजवळ पूर्ण उघडावा लागे. त्यावर १०० वॅटऐवजी ५० वॅटचा घ्यावा, असा सोपा उपाय सुचवला जातो. तो फारसा उपयोगी नाही. शक्ती निम्मी केली की पातळी केवळ ३ डेसिबलने उतरते. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे १०० वॅटच्या जागी १० वॅट. पूर्ण उघडलेला सुपर लीड एखाद्या हॉटेलात किंवा छोट्या सभागृहात वापरणे हे वादकांच्या आणि श्रोत्यांच्या कानांवर अत्याचार करणारे आहे, आणि अनेक वादकांनी त्याची किंमत कायमच्या कर्णनादाच्या रूपाने मोजली. सत्तरच्या दशकात सभागृहांची ध्वनिव्यवस्था सुधारली, स्पीकरसमोर माइक लागू लागला आणि स्टॅकची मूळ गरज संपली. त्यानंतर मंचावर दिसणाऱ्या भिंतींतल्या कित्येक पेट्या रिकाम्या असत. प्रेक्षकांना दिसायचा तो देखावा. वाजायची एखादीच पेटी.

दुसरा आक्षेप असा की गाजलेल्या ध्वनिमुद्रणांचे श्रेय मार्शलला फुकट मिळते. यात तथ्य आहे. जिमी पेज यांचे मंचावरचे चित्र मार्शलच्या स्टॅकपुढचे, पण लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर त्यांनी सुप्रो कंपनीचा छोटा अ‍ॅम्प वाजवला. एडी व्हॅन हेलन यांचा १९७८ चा पहिला अल्बम सुपर लीडवर झाला खरा, पण तो अ‍ॅम्प व्हेरिअ‍ॅक हे वीजदाब बदलणारे उपकरण लावून, कमी दाबाची वीज देऊन चालवला जात असे. १९८७ मध्ये स्लॅशने गन्स अँड रोझेसच्या पहिल्या अल्बमसाठी वापरलेला मार्शल भाड्याने आणलेला होता आणि तंत्रज्ञाने त्याच्या सर्किटमध्ये बदल केलेले होते. तरी या उदाहरणांचा दुसरा अर्थही लावता येतो, आणि तो जास्त पटणारा आहे. मार्शलचे सर्किट इतके साधे होते की दोन-चार रेझिस्टर आणि कपॅसिटर बदलून कुणीही कुशल माणूस त्यातून स्वतःचा आवाज काढू शकत असे. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत फक्त मार्शलमध्ये फेरफार करून देणाऱ्या तंत्रज्ञांचा वेगळा व्यवसायच उभा राहिला.

कंपनीनेही या फेरफारांतून धडा घेतला. १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूम असलेली मॉडेल आली. त्यांत पहिल्या टप्प्यांवरच आवाज फाटवता येतो आणि मग एकूण पातळी वेगळ्या बटणाने ठरवता येते. १९८१ मध्ये हेच सर्किट जेसीएम८०० या नावाने नव्या रूपात बाजारात आले. जेसीएम ही जेम्स चार्ल्स मार्शल यांची आद्याक्षरे, आणि ८०० हा आकडा त्यांच्या गाडीच्या क्रमांकपट्टीवरचा. ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलचा पाया म्हणजे हा अ‍ॅम्प. त्याचा आवाज कोरडा, तुटक, आघातप्रधान. वेगाने वाजवलेले स्वर एकमेकांत मिसळत नाहीत. क्षमाशीलता मात्र नाही, चुकलेले बोट स्पष्ट ऐकू येते. प्लेक्सी आणि जेसीएम८०० या दोनच रचना जरी मार्शलने दिल्या असत्या तरी तिचे स्थान ढळले नसते, असे म्हणायला हरकत नाही.

या यशाच्या मागे धंद्यातली एक मोठी चूकही लपलेली आहे. १९६५ मध्ये मार्शल यांनी रोझ मॉरिस या कंपनीशी पंधरा वर्षांचा वितरण करार केला. वितरकाने नफा इतका चढवला की परदेशात मार्शलची किंमत बरीच वाढली आणि खप आखडला. बर्मिंगहॅमचे जुने वितरक मित्र दुखावले गेले म्हणून त्यांच्यासाठी ‘पार्क’ या नावाखाली जवळपास तेच अ‍ॅम्प बनवावे लागले. करार संपला तेव्हाच जेसीएम८०० आला, निर्यात वाढली आणि १९८४ मध्ये कंपनीला राणीच्या नावे दिला जाणारा निर्यात पुरस्कार मिळाला.

नव्वदपासून चित्र बदलते. जेसीएम९०० च्या बऱ्याचशा मॉडेलमध्ये फाटलेला आवाज मुख्यतः डायोडने काढलेला आहे, आणि जुन्या मार्शलची स्पर्शाला दाद देण्याची खुबी तिथे कमी झाली. डायोडचा वापर आधीही झाला होता. १९८७ च्या सिल्व्हर ज्युबिली मॉडेलमध्ये डायोड असूनही तो अ‍ॅम्प उत्तम मानला जातो. त्यामुळे दोष डायोडचा नव्हे, त्याच्याभोवतीच्या रचनेचा. १९९१ च्या व्हॉल्व्हस्टेट मालिकेत पुढे एक व्हॉल्व्ह आणि शक्तीच्या टप्प्यावर ट्रान्झिस्टर अशी सांगड होती. एमजी मालिका तर पूर्णपणे ट्रान्झिस्टरची, शिकाऊ मुलांसाठी, आशियातल्या कारखान्यांत बनलेली. तिच्यावर नाव तेच, अक्षरे तीच, आणि आवाजाचे नाते मात्र जवळजवळ नाही. ‘मार्शल काही खास नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांचा पहिला आणि एकमेव अनुभव अशाच छोट्या सराव-अ‍ॅम्पचा असतो. कंपनीच्या कीर्तीला सर्वांत जास्त बाधा तिच्याच या निर्णयाने आली.

टिकाऊपणाबद्दल सरसकट विधान करता येत नाही. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत सुटे भाग पट्टीवर हाताने जोडले जात. नंतर छापील सर्किटबोर्ड आले. हाताने जोडलेले ते चांगले, बोर्डावरचे ते कमअस्सल, असा समज पसरलेला आहे. विजेला हा फरक कळत नाही. खरा फरक दुरुस्तीत आहे. जुन्या पट्टीवरचा भाग कुणीही तंत्रज्ञ पाच मिनिटांत बदलतो. बोर्डावर, विशेषतः व्हॉल्व्हचे सॉकेट आणि बटणे थेट बोर्डावर झाळलेली असतील तर, उष्णता आणि हिसके यांनी झाळ सुटते आणि संपूर्ण बोर्ड बाहेर काढावा लागतो. जेसीएम८०० चा बोर्ड जाड आणि रचना सुटसुटीत होती, म्हणून ते अ‍ॅम्प चाळीस वर्षांनंतरही फिरतीवर दिसतात. नंतरची अनेक चॅनेलांची मॉडेल गुंतागुंतीची झाली आणि तितकीच नाजूकही.

प्रतिस्पर्ध्यांशी तुलना केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. बांधणीत हायवॉट मार्शलच्या पुढे होता. डेव्ह रीव्ह्ज यांच्या त्या अ‍ॅम्पची आतली जोडणी पाहून तंत्रज्ञ आजही थक्क होतात, आणि खुद्द टाऊनशेंड साठच्या दशकाच्या अखेरीस तिकडे वळले. चमकदार, घंटेसारख्या स्वच्छ आवाजात व्हॉक्स एसी३० आणि फेंडर सरस आहेत. जॅझ किंवा कंट्री वाजवणाऱ्याला मार्शलची गरजच भासत नाही. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगीने वर्धनाचे टप्पे एकामागोमाग जोडून मार्शलला साधले नव्हते इतके लांब स्वर काढले. तरीही अस्सल, फाटलेल्या, मध्यम पट्टीच्या रॉक आवाजात मार्शलला मागे टाकले असे निर्विवाद म्हणता येईल असा कोणी झाला नाही. सोल्डानो, बोग्नर, फ्रीडमन यांसारख्या महागड्या अमेरिकन कारागीर कंपन्या मार्शलच्याच फेरफारातून किंवा त्याच्या आधारावर उभ्या राहिल्या. संगणकी अ‍ॅम्पच्या यंत्रांत आणि सॉफ्टवेअरमध्ये आज शेकडो आवाज साठवलेले असतात. त्यांत ‘ब्रिट’ असे काहीतरी नाव देऊन, ट्रेडमार्क टाळून, प्लेक्सी आणि जेसीएम८०० ठेवलेलेच असतात. ग्राहक ते मागतातच. कीर्तीचा याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण, कारण इथे मार्शलचे नाव नसतानाही आवाज विकला जातो.

नावाचे उलटे आहे. २०१० पासून स्टॉकहोमच्या झाऊंड इंडस्ट्रीज या कंपनीने परवाना घेऊन मार्शलच्या नावाचे हेडफोन आणि स्पीकर काढले. काळे, खडबडीत आवरण, सोनेरी पट्टी आणि ती अक्षरे, असे अ‍ॅम्पचे रूप त्यांना दिले गेले. जिम मार्शल ५ एप्रिल २०१२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी वारले. २०२३ मध्ये झाऊंडने मार्शल अ‍ॅम्प्लिफिकेशनच विकत घेतली आणि मार्शल ग्रुप उभा राहिला. मार्शल कुटुंबाने त्यात मोठा हिस्सा राखला. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या एचएसजी या गुंतवणूक संस्थेने त्यात बहुसंख्य वाटा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा समूहाची किंमत १.१ अब्ज युरो धरली गेली. ही किंमत प्रामुख्याने हेडफोन आणि स्पीकरच्या धंद्याची आहे. त्या वस्तू चांगल्या की वाईट हे त्यांच्याच निकषांवर ठरवावे. ईएल३४ आणि बारा इंची सेलेस्टियनशी त्यांचा काही संबंध नाही.

आज गिटारसाठी मार्शल घेणाऱ्याने म्हणूनच नाव बाजूला ठेवून मॉडेल पाहावे. मिल्टन कीन्समधल्या ब्लेचलीच्या कारखान्यात सुपर लीड आणि जेसीएम८०० च्या नव्या आवृत्त्या अजून बनतात. २०१९ पासून याच दोन रचनांचे २० वॅटचे धाकटे अवतार तिथून निघू लागले, आणि खटक्याने ते ५ वॅटवर आणता येतात. साठ वर्षांपूर्वीची आवाजाच्या पातळीची अडचण इथे पुष्कळशी सुटते. व्हिएतनाममध्ये बनणारी डीएसएल मालिका स्वस्त आहे, पूर्ण व्हॉल्व्हची आहे आणि तिच्यात मार्शलचा आवाज ओळखू येतो. सराव करणाऱ्या विद्यार्थ्याने ट्रान्झिस्टरचा मार्शल केवळ अक्षरांसाठी घेण्याचे कारण नाही; त्या किमतीत इतर कंपन्यांचे संगणकी अ‍ॅम्प अधिक देतात. ब्रिटन आणि भारत इथला वीजदाब जवळपास सारखा असल्यामुळे तिथला जुना अ‍ॅम्प इथे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतो, मात्र मागचा दाब निवडण्याचा खटका योग्य जागी आहे याची खात्री करावी लागते. आत ४०० ते ५०० व्होल्टपर्यंतचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहू शकतो, त्यामुळे अनुभवी तंत्रज्ञाशिवाय कुणी पेटी उघडू नये. जुन्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह आणि पुरवठ्याचे कपॅसिटर बदललेले असणे स्वाभाविक आहे, त्याने मोल घटत नाही. ड्रेक किंवा डॅग्नॉलचा मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे की नाही, यावर मात्र त्याचा आवाज आणि त्याची किंमत दोन्ही अवलंबून असतात.